गोव्याहून परत येताना: भरल्या सायकलीचे गिअर कसे ठरवायचे

बेळगावातून सायकलवर गोव्याला निघालेल्या माणसाला रस्ताच फसवतो. जांबोटी मागे टाकून कणकुंबीकडे जाताना चढ-उतार लागतात, पण उतरून ढकलावं असं काही लागत नाही. चोर्ला आला की पुढं केरीपर्यंत नुसता उतार. ब्रेक धरून बोटं आंबतात, तेवढाच काय तो त्रास. खाली पोचून माणूस घरी फोन लावतो, "आलो की आरामात. घाट घाट म्हणत होते, त्यात काही नाही." त्याच माणसाला चार दिवसांनी केरीहून परत निघताना बघावं.

असं का होतं ते कणकुंबीला थांबलं की कळतं. तिथं मलप्रभा उगम पावते आणि समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, ती पार कुडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यातलं पलीकडच्या अंगाचं पाणी मात्र म्हादईतून झपाट्यानं गोव्यात उतरतं. पूर्वेकडे पठार हळूहळू कलतं, पश्चिमेला ते एकदम तुटतं. बेळगाव शहर मुळातच ७५० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि चोर्ला साधारण ८०० वर. म्हणजे इथून जाताना दोन टोकांच्या उंचीत फरक जेमतेम पन्नास मीटरचा, आणि गोव्याकडून येताना ती सगळी उंची एका दमात अंगावर येते. सावंतवाडीकडून दाणोली सोडल्यावर आंबोलीचं हेच, मोल्याहून रामनगरला येताना अनमोडचं हेच. तिलारीच्या घाटाचं तर नावच काढू नका. बेळगावकराच्या नशिबी घाट कायम परतीच्या वाटेवर, पाय दमल्यावर आणि सामान वाढल्यावर येतो. सामान वाढतंच. जाताना नातेवाइकांसाठी कुंदा, येताना काजू आणि सोलं.

माझी पहिली फेरी अशीच झाली. सायकल नवी होती, बारीक टायरची नव्हे, पण गिअर रेसच्या सायकलीचे: पुढं ५० आणि ३४ दातांची दोन चेनव्हील, मागं ११ ते २८ दातांची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच. दुकानात विचारलं होतं, "घाटाला चालेल ना?" उत्तर आलं, "सोळा गिअर आहेत साहेब, डोंगर काय चीज आहे." केरी सोडल्यावर अर्ध्या तासात सोळापैकी पंधरा गिअर माझ्या कामाचे उरले नव्हते, आणि सोळावा होता तोही जड. मागं दोन पिशव्या, वर तंबू. पॅडल दाबताना हँडल स्वतःकडे ओढावं लागत होतं, गुडघ्यात आत कुठंतरी चमक मारत होती. घाटाचा मोठा भाग मी चालत, सायकल ढकलत वर आलो.

परत आल्यावर शहापुरातल्या एका जुन्या मिस्त्रीमामांकडे सायकल नेली. त्यांनी चाक फिरवून बघितलं, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा रेसचा घोडा. तुम्ही ह्याच्यावर पोती घालून घाट चढवायला बघताय की. गिअर किती आहेत ते मोजू नका हो, सगळ्यात हलका कुठला आहे तेवढं बघा."

गिअर निवडण्याबद्दल मला जे सांगायचंय ते त्या शेवटच्या वाक्यात आहे. बाकीचा लेख त्याचाच हिशेब.

आधी वंटमुरीच्या घाटातला ट्रॅक्टर डोळ्यांपुढं आणा. गळिताचा हंगाम, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर चढ लागायच्या आधीच लिव्हर लो वर टाकतो, पहिला नाहीतर दुसरा गिअर घालतो आणि मग इंजिन एका सुरात भडभडत राहतं. वेग माणसाच्या चालीएवढा. पण थांबत नाही. इंजिनाची ताकद तेवढीच, ट्रॉलीचं वजन तेवढंच. फरक इतकाच की चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाचे जास्त फेरे होऊ दिले. सायकलीत ते इंजिन म्हणजे आपले पाय. पुढची चेनव्हील म्हणजे हाय-लोची लिव्हर, मागची कॅसेट म्हणजे गिअरचा दांडा.

आता हे सायकलवरच बघू. खडू घ्या आणि मागच्या टायरवर, जमिनीला टेकतो तिथं, एक रेघ मारा. तशीच रेघ फरशीवर मारा. पुढं चेन सगळ्यात लहान चेनव्हीलवर घ्या, मागं सगळ्यात मोठ्या चकतीवर. मग सायकल हातानं हळूहळू पुढं ढकला, पॅडल बरोबर एक फेरा पूर्ण करून पहिल्या जागी येईपर्यंत. पॅडल आपोआप फिरणार नाही. एकानं हातानं फिरवायचं, दुसऱ्यानं सायकल धरायची. सायकल किती पुढं गेली ते शिवणाच्या टेपनं मोजा. आलेला आकडा हा तुमचा सगळ्यात हलका गिअर, मीटरमध्ये.

टेप नसेल तर गणितानं काढा. ७०० सीचं चाक आणि ३८ मिलिमीटरचा टायर असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१८ मीटर जाते. त्याला पुढच्या दातांनी गुणा, मागच्या दातांनी भागा. माझ्या त्या सायकलीचं: २.१८ गुणिले ३४ भागिले २८, म्हणजे २.६५ मीटर. पॅडलच्या एका फेऱ्यात २.६५ मीटर पुढं. जुन्या माउंटन सायकलीवर पुढं २२ आणि मागं ३४ असतं. तेच चाक धरलं तर १.४१ मीटर. जवळजवळ निम्मं.

निम्मं म्हणजे पायावर काय फरक पडतो? समजा स्वार ७५ किलो, सायकल १५, सामान २०. सगळं मिळून ११०. चढ ८ टक्क्यांचा, म्हणजे रस्त्यानं १०० मीटर गेलात की ८ मीटर वर. एवढं वजन त्या चढावर नुसतं मागं घसरू न देता पुढं सरकवायला, टायरचं घर्षण धरून, साधारण साडेनऊ ते दहा किलोचा जोर सतत लागतो. हा जोर रस्त्यावर, टायरपाशी. पायापाशी तो किती होतो ते गिअर ठरवतो. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पॅडल ज्या दांड्याला असतं तो) पॅडल एका फेऱ्यात सुमारे १.०७ मीटरचा गोल फिरतं. तेवढ्यात सायकल २.६५ मीटर जायची असेल तर पॅडलवर सरासरी २४ किलो दाब हवा. १.४१ मीटर जायची असेल तर १३ किलोच्या आत भागतं. आणि ही झाली सरासरी. पॅडल वर आणि खाली असताना पाय जवळजवळ काहीच दाबत नाही, त्यामुळं मधल्या टप्प्यात प्रत्यक्ष दाब याच्या दीडपट-दुप्पट जातो. म्हणजे माझ्या त्या घाटात प्रत्येक पायाला दर फेऱ्यात चाळीसएक किलो रेटावे लागत होते, तेही तासनतास. गुडघा बोलणारच.

एकूण काम मात्र दोन्हीकडं तेवढंच. जड गिअरला एक किलोमीटर चढायला ३८० च्या आसपास फेरे, हलक्या गिअरला ७००च्या वर. हलका गिअर घाट लहान करत नाही. शंभर पोती माडीवर न्यायची तर एकेक नेता की दोन-दोन, एवढाच प्रश्न असतो. पण दोन-दोन नेणाऱ्याची कंबर संध्याकाळी विचारा.

इथं आपल्या साध्या काळ्या सायकलीची गोष्ट सांगायला हवी. २८ इंची चाक, पुढं ४४ दात, मागं १८ ची फ्री. एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर. वरचाच हिशेब लावला तर ८ टक्के चढावर ११० किलोला सरासरी जवळपास ५० किलो दाब, आणि मधल्या टप्प्यात स्वतःच्या वजनाहूनही जास्त. पॅडलवर सगळं अंग टाकून उभं राहिलं तरी सायकल सरकायची नाही. दोन्हीकडं कॅन लावलेला दूधवाला चढ आला की खाली उतरून चालायला लागतो ते याच्यामुळं. लहानपणी मला वाटायचं, म्हातारा झाला म्हणून उतरतो. मागची फ्री १८ ऐवजी २२ दातांची घातली तर एका फेऱ्याला ५.४ चे ४.४ मीटर होतात, आणि कपिलेश्वरच्या उड्डाणपुलासारखा छोटा चढ बसून निघतो. घाटाला तेही पुरत नाही.

युरोपातही हा वाद जुना आहे. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन गावचे पॉल द विवी (१८५३–१९३०), 'वेलोसिओ' या टोपणनावानं लिहिणारे, सायकलीला अनेक गिअर हवेत म्हणून आयुष्यभर भांडले. पण १९०३ साली सुरू झालेल्या तूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याआधी डोंगर आला की शर्यतीतले स्वार उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दातांची चकती असायची. हलका गिअर म्हणजे कमीपणा, ही समजूत तिकडूनच आली की काय कोण जाणे. आपल्याकडच्या सायकलवाल्यांतही ती अजून आहे. "लहान चेनव्हील बायका-पोरांना" असं मला एकानं तोंडावर सांगितलंय. त्याला मी पुढं चोर्ल्यात एका वळणावर कठड्यावर बसलेला बघितला. हात केला, थांबलो नाही.

आता तुमच्यासाठी नेमका किती हलका गिअर हवा ते काढू. ही रीत मला सगळ्यात सोपी वाटते, आणि तिला पॉवर मीटर वगैरे काही लागत नाही.

तुम्ही तासाला किती उंची चढता तेवढं आधी माहीत हवं. मोबाइलमधलं कुठलंही सायकलचं अॅप चढलेली उंची आणि वेळ दाखवतं. एखाद्या रविवारी पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, दहा-दहा किलो तांदळाच्या दोन पिशव्या घालून येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा. चढ छोटा आहे पण खडा आहे. तो एकटा पुरायचा नाही, म्हणून दोन-तीन वेळा चढा-उतरा, उतरण्याचा वेळ वजा करा. गावातली पोरं "तांदूळ कुणाला अंकल?" म्हणून विचारतील, विचारू द्यात. सरावातला पण खेळाडू नसलेला माणूस भरल्या सायकलीवर तासाला ३०० ते ५०० मीटरच्या दरम्यान कुठंतरी चढतो. तुमचा आकडा ४०० आला असं धरू.

मग जो सगळ्यात वाईट चढ डोक्यात आहे त्याचे टक्के घ्या. ८ टक्के असेल तर ४०० मीटर उंची चढायला रस्त्यानं ५,००० मीटर जावं लागतं. म्हणजे तुमचा वेग ताशी ५ किलोमीटर. त्याहून जास्त वेगानं जायचं म्हटलं तरी इंजिनात तेवढा दम नाही, ते राजहंसगडावर कळलेलंच आहे. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १.३९ मीटर.

आणि आता गंमत बघा. पॅडल सेकंदाला एक फेरा, म्हणजे मिनिटाला साठ, या आरामाच्या गतीनं फिरवायचं ठरवलं तर तुम्हाला लागणारा गिअर बरोबर तेवढाच: १.३९ मीटरचा. सेकंदाला जेवढे मीटर, तेवढ्या मीटरचा गिअर. वेगळं सूत्र पाठ करायला नको. पुढं २२, मागं ३४ हे १.४१ देतं, म्हणजे काम झालं. पुढं २६ आणि मागं ३६ हे १.५७ देतं, त्याच वेगाला पाय मिनिटाला ५३ फेरे फिरतील, तेही चालतं. पुढं ३०, मागं ३४ म्हणजे १.९२, मिनिटाला ४३ फेरे, इथून गुडघ्याची तक्रार सुरू होते. पुढं ३४, मागं ३४ म्हणजे २.१८ आणि ३८ फेरे. माझ्या त्या ३४-२८ ला मिनिटाला ३१ फेरे पडत होते. मिनिटाला ३१ म्हणजे पॅडल खाली गेलं की परत वर येतंय की नाही अशी शंका यावी इतकं हळू.

तासाला ३०० मीटर चढणाऱ्यानं नाराज होऊ नये, त्याला जास्त हलका गिअर लागेल इतकंच. पण त्यालाही एक मर्यादा आहे. ताशी चार किलोमीटरच्या खाली गेलं की सायकलचा तोल राखायलाच मेहनत पडते, पुढचं चाक डावी-उजवीकडं शेपूट हलवल्यासारखं करतं. त्याच्याही खाली जाईल इतका लहान गिअर घेण्यात अर्थ नाही. तिथं चालणं परवडतं. म्हणून साधारण १.२ ते १.५ मीटरच्या मधला हलका गिअर ही भरल्या सायकलची योग्य जागा, असं माझं मत झालंय. सामान न घेता फिरणाऱ्याला दोन मीटरही चालेल.

चाक लहान असेल तर फायदा आपोआप होतो. २६ इंची माउंटनचं चाक एका फेऱ्यात साधारण २.०५ मीटर जातं, त्यामुळं तेच २२-३४ तिथं १.३३ वर येतं. जुन्या माउंटन सायकलींवर सामान लादून लांब जाणारे लोक दिसतात त्याचं हे एक कारण आहे. दुसरं, त्यांचे गिअर मुळातच ४४-३२-२२ असे घाटाचे असतात. पंधरा वर्षं अंगणात गंजत पडलेली अशी सायकल घरात असेल तर नवी घ्यायच्या आधी तिच्याकडं बघा.

वरच्या टोकाची चिंता करू नये. ४४-११ ला एका फेऱ्यात ८.७ मीटर होतात, मिनिटाला ८० फेऱ्यांना ताशी ४२ किलोमीटर. सामान घेऊन सपाटीवर एवढा वेग कोण काढतो? आणि उतारावर याहून जास्त वेग असेल तेव्हा पॅडल मारायचं नसतं, ब्रेक सांभाळायचे असतात. दुकानात मात्र चर्चा कायम वरच्या टोकाची होते, ५० चं चेनव्हील की ५२ चं. भरल्या सायकलीला त्याचं काही देणंघेणं नाही.

बदल करायचा तर कुठं हात घालायचा? स्वस्त आणि सरळ काम मागच्या कॅसेटचं. ११-२८ काढून ११-३४ घातली की माझा गिअर २.६५ वरून २.१८ वर आला. पण मागचा डिरेलर तेवढी मोठी चकती पेलणारा हवा आणि चेन बहुतेक वेळा नवी, लांब घालावी लागते. पुढं जायचं तर चेनव्हील लहान करावं लागतं, आणि तिथं क्रँकच आडवा येतो. पाच बोल्टांच्या, बोल्टांच्या गोलाचा व्यास ११० मिलिमीटर असलेल्या क्रँकवर ३३-३४ च्या खालची चकती बसतच नाही. बोल्टांचा गोलच तेवढा मोठा असतो. त्यामुळं पुढं २२ किंवा २६ हवं तर अख्खा क्रँक बदलून बहुतेक वेळा तीन चेनव्हीलचा घ्यावा लागतो. मी तेच केलं, ४४-३२-२२.

तीन चेनव्हील आली की मागच्या डिरेलरला सैल चेन गोळा करायची असते. किती, ते काढायची रीत सोपी: पुढच्या मोठ्या-लहान चेनव्हीलमधल्या दातांचा फरक, अधिक मागच्या मोठ्या-लहान चकतीमधला फरक. ४४ वजा २२ म्हणजे २२, ३४ वजा ११ म्हणजे २३, एकूण ४५. लांब पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे डिरेलरचा चेन ताणून धरणारा खालचा भाग) माउंटनचा डिरेलर एवढं झेलतो, आखूड पिंजऱ्याचा रोडचा झेलत नाही. एक-दोन दात कमी पडले तर जग बुडत नाही. फक्त चेन मोठ्या-मोठ्यावर बसेल इतकी लांब असलीच पाहिजे, नाहीतर चुकून तो गिअर पडला की डिरेलर मोडून चाकात जातो. लहान-लहानवर चेन लोंबली तर लोंबू दे, तो गिअर वापरूच नका.

शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) आणि डिरेलर यांचं लग्न जुळतं का तेही बघावं लागतं. शिमानो कंपनीच्या आठ-नऊ गिअरच्या, म्हणजे मागं आठ-नऊ चकत्यांच्या, जमान्यात रोडचे शिफ्टर आणि माउंटनचे मागचे डिरेलर सुखानं नांदायचे. माउंटनचं दहा गिअरचं सामान आलं तेव्हा केबल ओढण्याचं माप बदललं आणि काडीमोड झाला. म्हणून लांबच्या सायकलीवर फिरणारे पुष्कळ लोक अजून नऊ गिअरवर हटून बसलेत, आणि मला त्यांचं पटतं. खेड्यातल्या दुकानात आठ-नऊ गिअरची चेन मिळण्याची आशा तरी असते.

हल्ली पुढं एकच चेनव्हील आणि मागं ताटाएवढी कॅसेट, असंही मिळतं. पुढं ३२ आणि मागं ११ ते ५१ असेल तर हलका गिअर १.३७ मीटर येतो, घाटाला उत्तम. वरच्या टोकाला मिनिटाला ८० फेऱ्यांना ताशी तीसच्या आसपास, तेही पुरतं. मला त्यातली एकच गोष्ट खुपते: दोन गिअरमधली पायरी मोठी. नेसरी-गडहिंग्लज बाजूला समोरून वारा असला की एक गिअर जड वाटतो, खालचा फारच हलका. पण पुढचा डिरेलर नाही, म्हणजे बिघडायला एक वस्तू कमी.

गिअर आले तरी ते टाकायची वेळ चुकली तर घाट चालतच करावा लागतो. चेन एका चकतीवरून दुसरीवर चढते ती पायाचा जोर कमी असताना. भरल्या सायकलीवर, चढात, पूर्ण जोर लावलेला असताना मोठ्या चेनव्हीलवरून लहानावर उतरायचा प्रयत्न केला तर दोनपैकी एक होतं: चेन ढिम्म हलत नाही, किंवा हलते आणि आतल्या बाजूला बीबीवर, म्हणजे क्रँकच्या आसापाशी, जाऊन पडते. मग चढावर सायकल एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं काळी चेन ओढत बसायचं, आणि वरून येणाऱ्या ट्रकला वाट द्यायची. उसाच्या ट्रॅक्टरसारखं करा. चढ दिसला की पायथ्यालाच, वेग असतानाच, पुढची चेन लहान चेनव्हीलवर घ्या. तेव्हा पाय एकदम हलके फिरतात, म्हणून त्याआधी मागं दोन चकत्या जड करून ठेवा. मग चढ वाढेल तशी मागची एकेक चकती हलकी करत जा. मागचा गिअर टाकतानाही अर्ध्या फेऱ्यापुरता पाय सैल सोडा. चेनचा 'कड्' असा आवाज न येता 'टिक्' असा आला की समजा जमलं.

सगळ्यात हलका गिअर पहिल्या वळणालाच टाकून बसू नका, असा सल्ला देणारे भेटतील. मला उलटा अनुभव आहे. एक चकती राखून ठेवायच्या नादात लोक पहिल्या तीन किलोमीटरमध्येच पाय जाळून घेतात. हलका गिअर लागला की वापरा.

पॅडलवर उभं राहून मारायची सवय भरल्या सायकलीवर सोडावी लागते. उभं राहिलं की पिशव्यांसकट सायकल दोन्ही बाजूंना झुलते आणि तिला आवरण्यातच ताकद जाते. पाठ मोकळी करायला दहा-बारा फेरे उभं राहावं, तेही एक गिअर जड करून. सामानाची जागाही गिअरशी जोडलेली आहे: सगळं वजन मागं आणि उंचावर असेल तर खड्या वळणावर हलक्या गिअरला पुढचं चाक हलकं होतं, कधी उचलतंही. जड वस्तू खाली, शक्य तर थोड्या पुढच्या चाकाजवळ. वळणाच्या आतल्या कडेला चढ सगळ्यात खडा असतो. मागं-पुढं गाडी नसेल तर थोडं बाहेरून वळण घ्यावं. गाडी असेल तर गप आतूनच जावं, हॉर्न मारणाऱ्याशी भांडायला दम शिल्लक नसतो.

आणि ढकलावं लागलं तर ढकला. भरली सायकल ढकलायला दोन्ही हात, पाठ आणि पोटऱ्या लागतात, त्यामुळं ते पॅडल मारण्याहून सोपं आहे असं समजू नका. पण गुडघ्याला तेवढीच विश्रांती मिळते. मी अजूनही चोर्ल्यात दोन ठिकाणी उतरतो. एक पाणी प्यायला, आणि दुसरं उगीच.

नव्या क्रँकवर पहिल्यांदा निघालो तो वंटमुरीला, घाट छोटा म्हणून. बावीस दातांच्या चेनव्हीलवर पाय भराभर फिरत होते, सायकल मात्र मुंगीसारखी. शेजारून ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर आला, माझ्या पुढं जायला त्याला बराच वेळ लागला. ड्रायव्हरनं वरून माझ्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हसून कानडीत म्हणाला, "निधान होगरी." सावकाश जावा. तो स्वतः ताशी आठनं चालला होता.